तिघांत एकच राबणारं पातं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारीकडचे रस्ते मारबतीच्या, म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीने भरलेले असतात. त्या दिवशी आमच्या लकडगंजात, म्हणजे लाकूडबाजारात, माल येत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून आम्ही दुपारपर्यंत राहिलेलं काम उरकून घेतो. गेल्या वर्षी त्या सकाळी मिस्त्रींनी रंधा मशीनमधून निघालेली सागाची एक फळी माझ्या टेबलावर आणून ठेवली. बोलले काही नाहीत. फळीवरून हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखी खरखर. गाठीच्या दोन्ही बाजूंना रेषा उपसून निघालेली. मधल्या चार-पाच इंचांच्या पट्ट्यात तर लाकूड कापल्यासारखं दिसतच नव्हतं, घासून काढल्यासारखं चकाकत होतं.

"धार कधी लावली?" मी विचारलं.

"शुक्रवारीच आणली ना भाऊ हिंगण्याहून. चार दिवस झाले." मग बाहेरच्या ढोलांकडे मान वळवून म्हणाले, "या पात्याईले पण ने म्हणा तिले. घेऊन जा गे मारबत!"

हसलो खरं, पण त्या दिवशी वही काढली. पुढचे तीन महिने त्या वहीत जे उतरत गेलं ते इथे मांडतो आहे. छोट्या कारखान्यात रंधा मशीन चालवणाऱ्या कुणालाही यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. उरलेलं निम्मं आम्हालाही ओळखीचं होतं, फक्त आम्ही त्याकडे पाहत नव्हतो.

मशीन आणि माल

आमचं काम दारं आणि चौकटींचं. मशीन एकच, सरफेस-कम-थिकनेस, १२ इंची. वर हाताने फळी सरळ करायची, खालून जाडी काढायची, ड्रम दोन्हीला तोच. ड्रमचा व्यास १०० मिमी, त्यावर तीन पाती, वेग मिनिटाला ४,५०० फेरे. खालून फळी मिनिटाला ८ मीटर सरकते. पाती एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, नवी असताना ३०० मिमी लांब, ३० रुंद आणि ३ जाड. असे दोन संच: एक मशीनवर, एक धारेला.

धारवाले काका हिंगणा एमआयडीसीत. लकडगंजाहून जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, पाती ठेवायची, दोन दिवसांनी पुन्हा जायचं. एक धार तीन आठवडे टिकायची तोवर हे कधी जाचलं नाही. त्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपासपासून ती चार-पाच दिवसांवर आली आणि कामावरचा पोरगा कारखान्यात कमी, स्कूटरवर जास्त दिसू लागला.

माल मुख्यतः साग, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. बल्लारपूरच्या डेपोतून २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी साग गेला तेव्हा आमच्या टालवाल्यांची छाती फुगली होती. फुगायलाच हवी. पण या सागाची एक खोड आहे: त्याच्या अंगात सिलिका असते, कधी एक टक्क्याच्याही वर. सिलिका म्हणजे वाळूचाच ऐवज. साग रंधताना तुम्ही थोडी थोडी वाळूही कापत असता. त्यामुळे आंबा किंवा पाइनच्या मानाने सागावर धार लवकर जाते, हे मान्यच. पण साग काही अक्षय्य तृतीयेला बदलला नव्हता.

आरोपी पहिला

संशय सरळ काकांवर गेला. पात्यांच्या एका टोकाला निळसर झाक दिसत होती. मिस्त्रींचं म्हणणं, "दगडावर जाळून टाकली त्यानं. पाणी उतरलं पात्याचं." मलाही ते पटलं आणि दुसरा धारवाला शोधायला मी दोन फोनही केले.

इथे मी थोडा थांबलो ते बरं झालं. मिस्त्रींची आयुष्यभराची सवय पटाशी आणि हातरंध्याच्या पात्याची. ते साधं कार्बन पोलाद असतं. दगडावर दोनशे अंशांच्या पुढे तापलं की नरम पडायला लागतं, निळं पडलं की तेवढा भाग गेलाच. एचएसएसची जात वेगळी. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम असतं, आणि त्याला पाणी देताना साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवूनच तयार करतात. निळी झाक त्याच्या बऱ्याच आधी येते. म्हणजे नुसत्या झाकेवरून एचएसएस मेलं असं ठरत नाही. एचएसएसला खरा धोका दुसरा: दगडावर फार तापवून एकदम पाण्यात बुडवलं तर धारेला बारीक चिरा जातात आणि मग ती कणाकणाने झडते.

चिरा पाहायला भिंग हवं. इतवारीच्या सराफा ओळीतून दहापट मोठं दाखवणारं, डोळ्याला लावायचं छोटं भिंग आणलं. फ्यूज काढून ड्रम हाताने फिरवला आणि तिन्ही पाती जागेवरच, एकेक करून उजेडात आणली.

चिरा नव्हत्या. पण जे दिसलं त्याची मला अपेक्षा नव्हती. दोन पात्यांवर काकांच्या दगडाच्या बारीक रेघा अगदी कडेपर्यंत शाबूत होत्या. चार दिवस साग कापलेली पाती ती वाटतच नव्हती. तिसऱ्याची कड मात्र गोल झालेली. उजेडात धरलं की तिच्यावर एक पांढरी रेघ चमके. चांगल्या धारेवरून उजेड परतत नाही, कारण परतायला जागाच नसते. रेघ दिसली की तिथे कड सपाट झाली असं समजावं. हे भिंगाशिवायही दिसतं, फक्त पाहायचं सुचावं लागतं. त्या गोल कडेवर रंध्याच्या तापाने करपलेलं सागाचं तेल खाऱ्या शेंगदाण्याच्या सालासारखं चिकटलं होतं.

तिघांपैकी एकच पातं राबत होतं. बाकी दोघं फिरत होते.

इंचातल्या लाटा

याची खातरजमा फळीवरूनही होते, आणि ही युक्ती मी आता प्रत्येक नव्या पोराला दाखवतो. रंधलेली फळी कधीच खरी सपाट नसते. ड्रम गोल फिरतो, फळी पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक पातं एक उथळ खळगा काढून जातं. फळीवर पेन्सिल आडवी धरून हलकी घासली की लाटांचे माथे काळे होतात आणि मोजता येतात.

हिशेब सोपा. फळी मिनिटाला ८,००० मिमी सरकते. तीन पाती, ४,५०० फेरे, म्हणजे मिनिटाला १३,५०० काप. एका कापाच्या वाट्याला सुमारे ०.६ मिमी. म्हणजे एका इंचात बेचाळीस-त्रेचाळीस लाटा हव्यात. आमच्या फळीवर मोजल्या तर चौदा. १.८ मिमीला एक. अगदी एका पात्याचा हिशेब.

लाटांची मोजणी एवढंच सांगते की शेवटचा हात कोणाचा फिरतो. पातं केसाच्या दहाव्या हिश्शाने वर असलं तरी बाकीच्यांच्या खुणा ते पुसून टाकतं, त्यामुळे चांगल्या बसवलेल्या मशीनवरही कधीकधी लाटा कमी भरतात. ते किती वर आहे हे कळायला दुसरी परीक्षा लागते, आणि तिला लाकडाची एक पट्टी पुरते.

फ्यूज काढून पलीकडच्या टेबलावर एक सरळ पट्टी ठेवायची, तिचं टोक ड्रमवर येईल अशी. टेबलाच्या काठावर पट्टीला एक खूण करायची. मग पट्टा धरून ड्रम हाताने हळू फिरवायचा. पातं वर येताना पट्टीला चिकटतं, थोडं पुढे ओढतं आणि सोडून देतं. पुन्हा खूण करायची. दोन खुणांतलं अंतर हे त्या पात्याचं माप. असं प्रत्येक पात्याचं डावं टोक, मध्य आणि उजवं टोक.

आमच्या मशीनवर पहिल्या पात्याने पट्टी ७ मिमी ओढली. दुसऱ्याने ३. तिसऱ्याने हललीच नाही, नुसती खरवडल्याचा आवाज आला.

पट्टी उंचीतला फरक कितीतरी पटींनी मोठा करून दाखवते, म्हणूनच ती कामाची. ५० मिमी त्रिज्येच्या ड्रमवर ७ मिमी ओढणं म्हणजे पातं टेबलाच्या वर साधारण ०.१२ मिमी, ३ मिमी म्हणजे ०.०२. फरक ०.१ मिमीचा. ऐकायला काहीच नाही. पण एक मिमी खोल रंधा घेतला तरी प्रत्येक पात्याच्या वाट्याला येणारा छिलका जास्तीत जास्त ०.१२ मिमी जाड असतो. त्यातलं ०.१ एकट्यानेच आधी उचललं तर मागच्यांना उरतं काय? तीन आठवड्यांचं काम तिघांनी वाटून घ्यायचं, ते एकटा करत होता आणि आठवड्याच्या आत बसत होता.

सतरा तोळ्यांची पाती

आता पाती अशी वरखाली का बसली? बसवणारा पोरगा हुशार आहे, त्याने शप्पथ घेऊन सांगितलं की तो नेहमीसारखीच बसवतो. खरं असावं. नेहमीसारखी म्हणजे नजरेने.

पण मशीनला आणखी एक बारीक थरथर होती, टेबलावर ठेवलेल्या चहाच्या ग्लासात वर्तुळं उठायची. मी तिन्ही पाती घेऊन भिंगवाल्या सराफांकडेच गेलो, कारण ग्रॅमपर्यंत भरवशाचा काटा दुसरा कुणाकडे असणार? त्यांनी एकेक पातं ठेवलं आणि गंमतीने तोळ्यांत सांगितलं, "सतरा तोळे, सतरा तोळे, अन् हे सोळा."

ग्रॅममध्ये २०१, २०० आणि १८६. नवं पातं भरतं सुमारे २२० ग्रॅम. धारेच्या दगडाने एक मिमी रुंदी खाल्ली की साडेसात ग्रॅमच्या आसपास वजन जातं. म्हणजे दोन पाती तीन-तीन मिमी झिजलेली होती आणि एक पाच. एका संचातली तिन्ही पाती कायम एकत्र धारेला जातात, त्यांच्यात दोन मिमीचा फरक पडायचं कारणच नाही. पंधरा ग्रॅमचा हा फरक मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांनी फिरत होता. ग्लासातली वर्तुळं तिथून येत होती, आणि बेअरिंगचंही आयुष्य खात होती.

पोराला पुन्हा विचारलं, या वेळी रागावून नाही. मग एप्रिलमधली एक संध्याकाळ बाहेर आली.

महाल भागातला एक जुना वाडा पाडला गेला होता. त्याच्या तुळयांतून नव्या घराची दारं करून द्यायचं काम आमच्याकडे होतं. जुना साग, शंभर वर्षं वाळलेला, रंग असा की हात लावावासा वाटे. पण त्यात ठोकलेले हाती घडवलेले चौकोनी खिळे, काही पृष्ठभागाच्या आत मोडलेले. वर चुन्याच्या गिलाव्याचा थर, आणि चुन्याच्या गिलाव्यात वाळू असतेच. एका तुळईतल्या खिळ्याने तिन्ही पात्यांना एकाच जागी खाच पाडली. फळीवर उभा उंचवटा उमटायला लागला. दुसरा संच त्याच दिवशी धारेवरून आला होता. पोराने त्यातलं एक पातं काढून इथे लावलं आणि इथलं तिथे ठेवलं. एका पात्याची खाच भरून निघाली, उंचवटा गेला, काम निभावलं.

त्या संध्याकाळी करायला हवं होतं ते याहून सोपं होतं. खाच पडली की तिघांपैकी एक पातं ड्रमच्या खोबणीत दीड-दोन मिमी बाजूला सरकवायचं आणि पुन्हा आवळायचं. खाचा एकासमोर एक येत नाहीत, एकाने सोडलेली रेघ दुसरा कापतो. धारेला जायची गरज नाही, पातं बदलायची तर नाहीच. पण हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं, आणि ते कुणी म्हणजे मी.

तेव्हापासून दोन्ही संच भेसळीचे झाले. दोन्ही थरथरू लागले. धार लवकर गेली म्हणून पाती वारंवार निघाली, घाईत बसली, घाईत बसली म्हणून एकच राबलं, एकच राबलं म्हणून धार आणखी लवकर गेली. मग बोल लागला हिंगण्याला.

सुधारणा, ज्या क्रमाने झाल्या

आधी पाती आपापल्या घरी परत गेली. कोणतं कुठलं हे पुन्हा विसरू नये म्हणून पंचने ठिपके मारायला गेलो, तर पंचचंच टोक बसलं. एचएसएसवर पंच उमटत नाही, हे मला कळायला हवं होतं. शेवटी कडेच्या टोकांना ऑइल पेंट लावला, एका संचाला काळा, एकाला पिवळा. मिस्त्रींनी दोघींचं बारसं तिथेच केलं: काळी मारबत आणि पिवळी मारबत. कारखान्यात आता हीच नावं आहेत. "काळी धारेला गेली" असं कुणी नवख्याने ऐकलं तर दचकतो.

मग बसवणं. पट्टीने मापून तिन्ही पाती तिन्ही जागी ३ ते साडेतीन मिमीत आणायची. पहिल्यांदा याला पावणेदोन तास लागले आणि मिस्त्री दोनदा चिडून चहाला गेले. अडचण ही की पातं जुळवून स्क्रू पूर्ण आवळले की त्याला खोबणीत धरणाऱ्या पाचरीच्या दाबाने पातं पुन्हा किंचित वर सरकतं. त्यामुळे आधी मधला स्क्रू हलका, मग बाहेरचे हलके, तिन्ही पाती तशीच, मग दुसऱ्या फेरीत जरा जोर, तिसऱ्या फेरीत पूर्ण, आणि सगळं आवळून झाल्यावर पुन्हा पट्टी. एकच पातं एकदम पक्कं करून पुढे गेलात तर शेवटी सगळं परत सैल करावं लागेल. आता हे काम पाऊण तासात होतं.

त्यानंतरच्या पहिल्या फळीवर मी पेन्सिल घासून लाटा मोजायला बसलो. पस्तिसाच्या पुढे डोळे फिरले. दर तिसरी लाट थोडी ठळक होती, म्हणजे एक पातं अजूनही शेरभर पुढेच. पण आता बाकीचे दोघं बसून नव्हते.

लाकडाकडे वळलो तेव्हा मिस्त्रींचा विरोध संपला होता, उलट तेच पुढे झाले. त्यांच्या म्हणण्यानुसार फळी मशीनवर "आंघोळ करून" आली पाहिजे. तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू. पावसाळ्यात टालीच्या चिखलातून ओढत आणलेल्या फळ्यांच्या टोकांना माती रुतलेली असते, ती ब्रशने निघत नाही. टोकं अर्धा इंच कापूनच टाकायची. जुन्या लाकडावर आधी जोरदार चुंबक फिरवायचं, शंका आली तिथे पटाशीने उकरून पाहायचं. चुना लागलेली बाजू वाकसाने तासून घेतल्याशिवाय मशीनवर नाही. वाकस हातात धरायला मिळालं याचा मिस्त्रींना झालेला आनंद मी सांगू शकत नाही.

फळीवरचा तो मधला चकाकणारा पट्टाही सुटला. चौकटीचं लाकूड चार-पाच इंच रुंद, आणि आम्ही ते सवयीने मधोमध घालत होतो. बारा इंची पात्याचं मधलं अंग झिजलेलं, दोन्ही बाजू कुमारिका. टेबलावर खडूने तीन भाग पाडले: सकाळी डावीकडून, जेवणानंतर उजवीकडून, रुंद फळ्यांनाच मध्य. एवढ्यावर धारेचे किती दिवस वाढले ते वेगळं मोजलेलं नाही, पण फुकटात मिळालेली ही एकमेव सुधारणा.

दोन धारांच्या मधल्या काळात पाती जपायची म्हणजे दगड मारायचा एवढंच आम्हाला आधी वाटायचं. दगड या यादीत शेवटी आला. शिवाय बऱ्याचदा दगडाचीही गरज नसते. सागाचं करपलेलं तेल कडेवर साचलं की पातं बोथट झाल्यासारखंच वागतं: फळी अडखळते, मोटर कण्हते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसलं, हट्टी डागाला जुना दात घासायचा ब्रश, की निम्मी तक्रार संपते. पूर्वी याला रॉकेल वापरायचे, आता ते सहज मिळत नाही. पुसताना बिडी नको, आणि चिंधी नंतर भुशाच्या ढिगात टाकायची नाही.

पुसूनही छिलका नीट येत नसेल तर दगड. छिलका हा सगळ्यात बोलका. धार असेपर्यंत वळलेला, लांबट येतो. ती गेली की त्याचा चुरा व्हायला लागतो आणि भुसा वाढतो.

दगडाचं काम आम्ही असं करतो. मेन स्विच पाडायचा, तिन्ही किटकॅट फ्यूज काढून जो दगड मारणार त्याच्याच खिशात. ड्रम लाकडी पाचरीने अडवायचा. सिलिकॉन कार्बाइडचा दुतोंडी दगड, त्याची बारीक बाजू, वर पातळ तेलाचे दोन थेंब. दगड अर्ध्याहून जास्त कागदात गुंडाळायचा, म्हणजे टेबलाला ओरखडे येत नाहीत, आणि उघडं टोक पात्याच्या उतारावर सपाट टेकेल असा ड्रम फिरवून मग पाचर पक्की करायची. नीट टेकलं की नाही हे कळायला उतारावर आधी मार्कर पेनची रेघ ओढायची. दोन हात मारल्यावर शाई कडेजवळून पुसली गेली पाहिजे. फक्त मागून पुसली तर दगड धारेला लागतच नाही, तुम्ही मेहनत भलतीकडे करताय. मग पात्याच्या लांबीने आठ-दहा हात, तिन्ही पात्यांना मोजून सारखेच. शेवटी सपाट बाजूने दगड पूर्ण आडवा ठेवून एक किंवा दोन हात, कडेवर वळलेली बर, म्हणजे पोलादाची बारीक किनार, निघावी म्हणून. बर राहिली तर पहिल्याच फळीला मोडते आणि नव्या धारेचा तुकडा सोबत नेते.

काही ठिकाणी चालू मशीनवर हातात दगड धरून फिरत्या पात्यांना टेकवतात. मोठ्या मशीनवर याला पक्की बैठक आणि सरकता धारक असतो, तिथे ते योग्यच आहे. मोकळ्या हाताने नाही. आमच्या मिस्त्रींच्या उस्तादांची दोन बोटं पहिल्या पेऱ्यापर्यंतच होती, आणि मिस्त्री तो किस्सा जेवताना सांगतात.

दगडालाही मर्यादा आहे. हाताने तो कितीही सपाट धरला तरी थोडा उचलला जातो आणि कडेवर एक अरुंद, अधिक उभा उतार तयार होतो. दर वेळी तो रुंदावतो. अर्ध्या मिमीच्या पुढे गेला की धारेमागची मोकळीक संपते, पातं कापायच्या आधी लाकूड दाबू लागतं, आवाज ठोकल्यासारखा येतो. आमच्याकडे तीन, फार तर चार वेळा दगड झाला की संच हिंगण्याला.

जुलैमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात आली असती तर बरं, पण ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात आली. एचएसएसमध्ये क्रोमियम असतं म्हणून ते गंजत नाही असा माझा समज. त्यात ते साधारण ४ टक्के, आणि न गंजणाऱ्या पोलादाला किमान साडेदहा लागतात. ओल्या फळ्यांचा चीक पात्यावर राहिला आणि रात्रभर पाऊस पडला की सकाळी भिंगातून कडेवर तांबडे ठिपके दिसायचे, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक खड्डा. आता संध्याकाळी पाती पुसून मशीन ऑइलचा हात फिरवायचा, आणि सकाळी पहिल्यांदा एक टाकाऊ फळी घालून तेल काढून टाकायचं, नाहीतर पॉलिशवाला शिव्या घालतो.

मधेच एकाने कार्बाइडची पाती घ्या असा सल्ला दिला. नुसत्या नव्या सागासाठी तो वाईट नाही, सिलिकेसमोर कार्बाइड कितीतरी जास्त टिकतं. पण ते ठिसूळ. वाड्याच्या तुळईतला एक खिळा त्याचा तुकडा उडवेल, आणि त्याला धार लावायला हिऱ्याची चकती लागते, आमचा दगड त्याला गुदगुल्याही करणार नाही. महालातले वाडे पडत आहेत तोवर आम्ही एचएसएसवरच.

हिंगणा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिवळी मारबत काढली तेव्हा वहीत तिच्या नावापुढे कामाचे सतरा दिवस होते, त्यात दगड तीनदा. या वेळी पोराला न पाठवता मी स्वतः गेलो. काकांवर संशय घेतला होता, त्यांना तोंड दाखवायला हवं होतं.

मी सगळं सांगितलं. सराफाचा काटा, सोळा तोळ्यांचं पातं, सगळं. ते दगडाला पाणी सोडत ऐकत होते.

"एप्रिलातच सांगतलं होतं तुमच्या पोराले," ते म्हणाले. "म्हटलं, हे पातं या घरचं नोहे. बरोबरीत आणाचं तर बाकीच्या दोघाईचे दोन-दोन मिमी खावं लागतीन, मालकाले विचारून ये. तो आलाच नाई विचारून. मग मी तरी काऊन खाऊ तुमचं पोलाद?"

मी काही बोललो नाही. त्यांनी पिवळीचं एक पातं उचललं, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि कडेवरून हळूहळू उजवीकडे सरकत गेले. टोकाशी थांबले. नखाने दाखवलं.

"दगड कोण मारते तुमच्याकडे?"

"मिस्त्री."

"त्याईले सांगा, उजव्या टोकाले हात जड पडून राह्यला. हे पाहा, इथं गोल करून टाकलं."

मी भिंग मागून घेतलं. शेवटच्या दीड इंचात खरंच एक पांढरी रेघ होती.